शस्त्रक्रियेपूर्वीचा रोजमेळ

पुनावळे, रावेत, ताथवडे या महामार्गालगतच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत अनेक व्यापारी जैन कुटुंबे राहावयास आली. दुकान चिंचवडच्या किंवा पिंपरीच्या जुन्या बाजारात आणि बिऱ्हाड नव्या गृहसंकुलाच्या आठव्या-दहाव्या मजल्यावर, अशी त्यांच्या दिनक्रमाची वाटणी झाली आहे. अशा घरांतील साठीच्या आसपासच्या दोन श्राविकांचे उदाहरण घ्यावे. दोघींची तक्रार एकाच वाक्यात सांगितली जाते : लघवी थांबत नाही. पहिलीला सामायिकात अठ्ठेचाळीस मिनिटे निश्चल बसता येते, काही होत नाही. परंतु खमासमण देताना वाकले, उठले, मध्येच खोकला आला की कपडे ओले होतात. दुसरी कितीही वेळा वाकली तरी तिला त्रास नाही. मात्र सामायिक घेऊन बसल्यावर पंधरा मिनिटांत अशी अनावर घाई होते की पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

संकुलातील तिसऱ्या एखाद्या बाईची 'टेप टाकण्याची' शस्त्रक्रिया झालेली असते आणि ती पूर्ण बरी झालेली असते. ती दोघींनाही तोच सल्ला देते. सल्ला प्रेमाचा असतो, पण त्या शस्त्रक्रियेने पहिलीचे भले होण्याची शक्यता मोठी आहे आणि दुसरीचे दुखणे वाढण्याचा संभव आहे.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. निरोगी प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. पिशवी भरत असताना तिची भिंत शांत राहावी आणि खालचे दार घट्ट मिटलेले असावे, ही निसर्गाची व्यवस्था. बाळंतपणे, वाढलेले वजन, जुना खोकला, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, पाळी गेल्यानंतरचा ऊतींचा सैलपणा यांमुळे मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार ढिला पडतो. मग पोटात दाब वाढला की दार किंचित उघडते. ही ताणाने होणारी गळती. टेप किंवा स्लिंग मूत्रमार्गाच्या मध्यभागाखाली झोळीसारखा आधार देते, म्हणून ती येथे उपयोगी पडते. घाईच्या प्रकारात दार बहुधा ठीक असते. दोष भिंतीचा असतो, ती अवेळी आकुंचन पावते. आकुंचन पावणाऱ्या पिशवीपुढे दार अधिक घट्ट केले तर काय होईल हे कोणीही सांगू शकेल. ज्यांना दोन्ही प्रकारांचा त्रास आहे, अशा स्त्रियांची संख्याही कमी नाही, आणि त्यांच्या बाबतीत तर कोणता त्रास अधिक जाचतो हे आधी ठरवावे लागते. कारण शस्त्रक्रियेनंतर खोकताना होणारी गळती थांबली तरी घाई तशीच राहू शकते.

शस्त्रक्रियेपूर्वीची तपासणी म्हणजे ईसीजी, रक्त, साखर आणि भूलतज्ज्ञांची सही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासणी रुग्ण शस्त्रक्रिया सोसू शकेल काय हे सांगते. हीच शस्त्रक्रिया या रुग्णाला हवी आहे काय, हा प्रश्न निराळा आहे आणि तो आधीचा आहे.

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यात सर्वांत मोठी अडचण यंत्रांची नाही, संकोचाची आहे. लघुनीतीच्या बाबतीत जयणा पाळणाऱ्या, शुद्धतेचा विचार करून देरासरात पाऊल टाकणाऱ्या समाजात ही तक्रार सांगणे फार जड जाते. बाई प्रथम पाणी कमी करते. चौविहार असल्याने सूर्यास्तानंतर पाणी नसतेच. आता दिवसाचेही घटते. नंतर पूजा सुटते, मग प्रवचन, मग नातेवाइकांकडचे लग्न. घरात 'गुडघे दुखतात' एवढेच सांगितले जाते. पुनावळ्याच्या भुयारी मार्गाशी वाहने अडली की तासभर रिक्षात बसावे लागेल, या धास्तीने चिंचवडला जाणेही बंद होते. वास्तविक काउसग्गापूर्वी म्हटल्या जाणाऱ्या अन्नत्थ सूत्रात खोकला, शिंक, जांभई, ढेकर अशा आपोआप घडणाऱ्या क्रियांना आगार ठेवलेला आहे. शरीराच्या काही व्यापारांवर इच्छेची सत्ता चालत नाही हे ज्या परंपरेने इतक्या बारकाईने नोंदवले, तिच्यातील कुटुंबात एका आजारासाठी स्त्रीने स्वतःला अपराधी समजावे हे विसंगत आहे. पाणी तोडण्याने गळती फारशी कमी होतही नाही. दाट झालेले मूत्र पिशवीला अधिक टोचते, बद्धकोष्ठता वाढते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

डॉक्टरांपुढे संकोच कमी करणारी एक साधी वस्तू आहे, आणि व्यापारी घरात तिची वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. ती म्हणजे रोजमेळ. वैद्यकात तिला ब्लॅडर डायरी म्हणतात. तीन दिवस, एक मोजपात्र आणि एक वही. खर्च जवळजवळ शून्य. एका बाजूस आवक लिहावयाची : किती वाजता, काय आणि किती प्यायले. उकळलेले पाणी, चहा, ताक, डाळीचे पाणी, सर्व. दुसऱ्या बाजूस जावक : किती वाजता लघवी झाली आणि मोजपात्रात ती किती भरली. शेऱ्याच्या रकान्यात गळती केव्हा झाली, त्या वेळी काय चालले होते (शिंक, वाकणे, नळाचा आवाज, कुलूप उघडताना आलेली घाई) आणि पॅड किती वेळा बदलावा लागला. रात्री झोपण्याची आणि सकाळी उठण्याची वेळही टिपावी.

ही वही उघडताच पुष्कळ गोष्टी न बोलता कळतात. दिवसातून सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी २५० ते ३५० मिलिलिटर, आणि गळतीपुढे 'खोकला', 'बादली उचलली' असे शेरे असतील, तर ते पहिल्या श्राविकेचे खाते. दिवसातून चौदा वेळा, दर खेपेस ७० किंवा ९० मिलिलिटर, रात्री तीनदा उठणे आणि शेऱ्यात 'घाई', तर ते दुसरीचे. तिसराही एक नमुना आढळतो. खेपा बारा-तेरा, पण प्रत्येक खेप ३५० मिलिलिटरच्या पुढे. येथे पिशवी आपले काम चोख बजावत आहे. आवकच अफाट आहे. कोणी तरी सांगितले म्हणून रोज चार लिटर पाणी पिणे चालू असते, किंवा मधुमेह अनियंत्रित असल्याने तहान शमत नसते. अशा रुग्णाची खरी तपासणी साखरेची, आणि उपचारही तिचाच. वयस्कर व्यक्तीच्या चोवीस तासांच्या मूत्रापैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग रात्री होत असेल तर पायांवरची सूज, हृदय, झोपेतील श्वासाचे अडथळे यांच्याकडे पाहावे लागते. मूत्राशयाची शस्त्रक्रिया त्यावर इलाज नव्हे.

वही ठेवताना जैन कुटुंबांनी एक पथ्य पाळावे, जे बाहेरच्या डॉक्टरांच्या लक्षात येणार नाही. पर्युषणातील किंवा अठ्ठाईच्या दिवसांतील नोंद नेहमीचे चित्र दाखवीत नाही, म्हणून तीन दिवस साधे निवडावेत. वर्षीतप चालू असेल तर उपवासाचा एक आणि बियासण्याचा एक असे दोन्ही दिवस नोंदवून वरती तसे स्पष्ट लिहावे. नवकारशीनंतर रक्तदाबाची गोळी घेतली जात असेल तर तिचे नावही लिहावे. त्या गोळीत लघवी वाढविणारे औषध असणे अगदी संभवनीय आहे, आणि मग दहा ते बारा या वेळेतल्या घाईचे कोडे तेथेच सुटते. वही खरी असावी. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून आकडे सुबक करणारे रुग्ण असतात. जुळवून आणलेल्या खात्याचा उपयोग किती, हे दुकानदाराला विचारावे.

यानंतर दवाखान्यातील भाग. लघवीची साधी तपासणी आणि गरज पडल्यास कल्चर. कारण जंतुसंसर्गाने घाई आणि गळती दोन्ही होतात आणि काही दिवसांच्या औषधाने दोन्ही जातात. मग खोकल्याची चाचणी. मूत्राशय बऱ्यापैकी भरलेले असताना रुग्णाला आडवे आणि नंतर उभे ठेवून जोराने खोकावयास सांगतात. खोकल्याच्या क्षणीच धार दिसली तर ताणाची गळती डोळ्यांदेखत सिद्ध होते. खोकल्यानंतर काही सेकंदांनी सुरू होऊन वाहतच राहिली तर खोकल्याने पिशवीचे आकुंचन चेतवले असावे, असा संशय घ्यावा लागतो. या चाचणीला लाजून पुष्कळ स्त्रिया आधीच लघवी करून जातात आणि चाचणी वाया जाते. गळती स्वतः पाहिल्याखेरीज ताणाच्या गळतीची शस्त्रक्रिया ठरविणारा डॉक्टर घाई करीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे शिल्लक पाहावयाची. लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफीने पिशवीत किती मूत्र उरले ते मोजतात. पन्नास मिलिलिटरच्या आत असेल तर ठीक. दीडशेच्या पुढे गेले तर पिशवी नीट रिकामी होत नाही हे उघड आहे. जुन्या मधुमेहात पिशवीच्या नसा मंदावतात, ती भरून वाहते, आणि वरवर पाहता तीही गळतीच दिसते. अशा रुग्णाला टेप टाकली तर लघवी तुंबण्याचा धोका उभा राहतो.

अंग बाहेर येण्याचा त्रास आहे काय, हेही याच तपासणीत पाहतात. या विषयात महाराष्ट्राची कामगिरी मोठी आहे. मूळचे गोव्यातील आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर, तसेच मुंबईचे डॉ. पुरंदरे यांच्या नावांनी अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रिया आजही ओळखल्या जातात. गळतीशी याचा संबंध असा की खाली उतरलेले अंग कधी कधी मूत्रमार्गाला मुरड घालते आणि गळती झाकून ठेवते. ते वर उचलले की झाकलेली गळती प्रकट होते आणि कुटुंब म्हणते, ऑपरेशन बिघडले. म्हणून तपासताना अंग हाताने वर धरून खोकावयास सांगावे लागते. गर्भपिशवी काढल्यानंतर लगेचच्या दिवसांत रात्रंदिवस थेंबथेंब सुरू झाली असेल तर तो प्रकार सर्वस्वी वेगळा. तेथे मूत्राशयाला छिद्र पडले असण्याची शक्यता असते. लघवीतून रक्त जात असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवून आधी त्याचे कारण शोधावे. पुरुषांत प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर होणारी गळती हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मग उरते ती युरोडायनॅमिक तपासणी, जिच्या नावाची आणि बिलाची लोकांना धास्ती वाटते. एक बारीक नळी मूत्राशयात आणि दुसरी गुदद्वारात ठेवून, पिशवी सलाइनने हळूहळू भरून, भरताना आणि रिकामी होताना आतला दाब मोजतात. प्रत्येकीला ती हवी काय? या प्रश्नावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ६३० स्त्रिया होत्या. अर्ध्या स्त्रियांची केवळ दवाखान्यातील तपासणी केली, अर्ध्यांची त्याशिवाय युरोडायनॅमिकही. वर्षभरानंतर यशाचे प्रमाण अनुक्रमे ७७.२ आणि ७६.९ टक्के निघाले. म्हणजे फरक नाही. यावरून ही तपासणी निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढला तर तो चुकेल. या स्त्रिया निवडक होत्या : ताणाचीच गळती प्रमुख, खोकल्याच्या चाचणीत ती दिसलेली, शिल्लक दीडशे मिलिलिटरच्या आत, जंतुसंसर्ग नाही, गळतीची आधी शस्त्रक्रिया झालेली नाही. ज्यांचे खाते इतके स्वच्छ आहे त्यांना वरच्या लेखापरीक्षणाची गरज नाही, इतकेच सिद्ध झाले. आधीची शस्त्रक्रिया फसलेली असेल, दोन्ही प्रकार मिसळलेले असतील, मणक्याचा किंवा नसांचा आजार असेल, शिल्लक जास्त असेल, वही आणि तक्रार यांचा मेळ बसत नसेल, तर ही तपासणी टाळून पैसे वाचविणे महागात पडते. डॉक्टरांना 'ही कशासाठी?' असे नम्रपणे विचारावे. उत्तरात वरीलपैकी एखादे कारण आले तर निःशंकपणे करून घ्यावी.

शस्त्रक्रियेआधी व्यायाम करून पाहिला काय, हाही तपासणीचाच भाग आहे. अमेरिकन डॉक्टर अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले. किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी निदान आठ आकुंचने, आणि तेही फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून, असे त्याचे प्रमाण ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत दिले आहे. बहुतेक जणी ते चार दिवस करतात आणि 'गुण येत नाही' म्हणतात. वजनाचेही तसेच. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३८ स्थूल स्त्रियांच्या अभ्यासात वजन सरासरी आठ टक्के घटलेल्या गटात आठवड्यातील गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले. तरीही शस्त्रक्रियेला नावे ठेवण्याचे कारण नाही. नेदरलँड्समध्ये ४६० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, व्यायामापासून सुरुवात केलेल्यांपैकी ४९ टक्के स्त्रिया पुढे शस्त्रक्रियेकडे वळल्या. वर्षाअखेर सुधारणा जाणवल्याचे शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे ९१ टक्के आणि व्यायामाच्या गटात ६४ टक्के स्त्रियांनी सांगितले. मध्यम ते तीव्र गळती असलेल्या आणि योग्य निवडलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया निश्चित सुख देते. निवड मात्र योग्य हवी.

आत काय बसविणार, हे विचारणे रुग्णाचा हक्क आहे, आणि जैन रुग्णाला त्याची आणखी एक बाजू आहे. सध्या रूढ असलेली टेप पॉलिप्रॉपिलीन या कृत्रिम धाग्याची असते. स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी ती पद्धत १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. दुसरा मार्ग रुग्णाच्याच पोटाच्या भिंतीतील पट्टी काढून तिची झोळी करण्याचा. मूत्रमार्गाच्या भिंतीत टोचावयाच्या पदार्थांत पूर्वी गाईच्या कोलॅजेनचा वापर होत असे. आज कृत्रिम पदार्थ उपलब्ध आहेत. टाके घालण्याचा कॅटगट हा धागा प्राण्यांच्या आतड्यापासून बनतो, त्यालाही कृत्रिम पर्याय सर्वत्र मिळतो. हे सर्व शस्त्रक्रियेच्या टेबलावर सांगून उपयोग नाही. केसपेपरवर आधी लिहून घ्यावे.

मोबाइलवर फिरणाऱ्या 'जाळीवर बंदी' या संदेशाबाबतही थोडे स्पष्टीकरण हवे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये ज्या जाळ्यांची विक्री थांबविली त्या अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून बसवावयाच्या होत्या. ब्रिटनने मात्र जुलै २०१८ मध्ये गळतीसाठीच्या टेपचा वापरही रोखून धरला, आणि २०२० मधील कंबरलेज समितीच्या अहवालात अनेक स्त्रियांनी सोसलेल्या दीर्घ वेदना आणि त्यांच्याकडे झालेले दुर्लक्ष नोंदले गेले. एकदा बसविलेली टेप ऊतींत रुजल्यावर पूर्णपणे काढणे अवघड असते. म्हणून किती टेप बसविल्या, तुंबल्यास काय करणार, वेदना राहिल्यास कोण पाहणार, हे प्रश्न संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी विचारावेत. उत्तर देताना जो डॉक्टर त्रासतो, त्याच्याऐवजी दुसरा शोधावा. पुनावळ्याहून पिंपरीतील संत तुकारामनगर फार दूर नाही. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय दोन्ही तेथे आहेत. दुसरे मत घ्यावयाचे तर मुंबईच गाठली पाहिजे असे नाही.

विम्याचा हिशेबही तपासणीच्या दिवसांतच करावा. 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीच्या ३० दिवसांचा संबंधित खर्च मिळतो. तपासण्या दोन महिने आधी उरकल्या तर त्यांची बिले बाहेर राहतात. काही शस्त्रक्रियांना प्रतीक्षा कालावधी असतो, तो पॉलिसीच्या कागदात वाचावा. आणि त्रास पाच वर्षांचा असेल तर केसपेपरवर पाचच लिहिला जाईल. प्रस्तावपत्रात तो लपविला असेल तर दावा तेथेच अडतो.

दवाखान्यात बहुधा पती किंवा मुलगा बोलतो आणि बाई मान हलवते. या एका आजारात ही रीत सोडावी. सून बरोबर गेली तर उत्तम. पण वही बाईच्या हातात असावी आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न तिलाच असावा : तुम्हांला काय करता यायला हवे? कोणी म्हणेल, पूजेला उभे राहता यावे. कोणी म्हणेल, नातवाला उचलता यावे. या उत्तरावरून उपचार बदलतो, कारण नातवाला उचलताना गळणारी आणि पूजेत घाईने बेजार होणारी यांची वाट एक नाही.

तारखेचाही विचार याच भेटीत व्हावा. शस्त्रक्रियेनंतर काही जणींना थोडे दिवस कॅथेटर ठेवून घरी जावे लागते, आणि जड उचलणे साधारण सहा आठवडे टाळावे लागते. दिवाळीच्या गर्दीतून मोकळे झाल्यावर शस्त्रक्रिया आणि लगोलग कार्तिकी पौर्णिमेला पालिताण्याचा डोंगर, असा बेत व्यापारी घरांत सहज आखला जातो. तीन हजारांहून अधिक पायऱ्यांची ती यात्रा त्या वर्षी फाल्गुनावर ढकलावी.